मन बिघडलं तर कोल्हापुरात कुणाकडं जायचं आणि किती पैशात?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पंचगंगेचं पाणी आलं. पाणी उतरलं, चिखल काढला, भिंतींना रंग दिला. २०२१ च्या जुलैमध्ये ते परत आलं. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात माझी झोप गेली. रात्री दोनला जाग यायची आणि हात आपोआप मोबाईलकडं जायचा, राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतात. पातळी २१ फूट असली तरी माझी छाती धडधडायची. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा नॉर्मल आला. "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून मला घरी पाठवलं.

टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगणारा माणूस शोधण्यात माझे सात महिने गेले आणि पैसेही बरेच गेले. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे. पगार बेताचा, घरात आई, बायको, दोन मुलं. कुठल्या दारातून आत शिरायचं हे तेव्हा माहीत असतं, तर त्यातले निदान पाच महिने वाचले असते. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

१. आधी आजच्या रात्रीचं बघा

जगूच नये असे विचार येत असतील, किंवा घरातलं कुणी तसं बोलून गेलं असेल, तर फी, पत्ता, डिग्री यातलं काही शोधत बसू नका. १४४१६ ला फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलवा किंवा सरळ दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात जा. माणसाला एकटं सोडू नका. शेतीचं घर असेल तर कीटकनाशक, तणनाशक त्याच दिवशी घराबाहेर काढा आणि विश्वासातल्या शेजाऱ्याकडं ठेवायला द्या.

"तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?" असं सरळ विचारलं तर माणूस त्या वाटेला लागेल, अशी भीती सगळ्यांना असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

दुसरी भीती पोलिस केसची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधल्या कलम ११५ प्रमाणे, असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही. दवाखान्यात नोंद होते, जबाब घेतात, पण त्या भीतीपायी दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

२. कोण काय करतं, हे समजून घ्या

माझी पहिली चूक इथंच झाली. मी "मेंदूचा डॉक्टर" शोधत होतो. मेंदू आणि मज्जातंतूंचा तज्ज्ञ वेगळा. फिट्स, लकवा, अर्धशिशी हे त्याचं काम. आपल्याला हवी असतात ती माणसं ही:

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. हा एमबीबीएस झालेला आणि पुढं मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. निदान करतो आणि गोळ्या देऊ शकतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्याच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. हा गोळ्या देत नाही. चाचण्या घेतो आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतो. त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयकडं असते. त्या नोंदणीला सीआरआर नंबर म्हणतात. आरसीआयच्या वेबसाईटवर नाव टाकून तो तपासता येतो.

समुपदेशक, म्हणजे कौन्सेलर. बहुतेक वेळा मानसशास्त्रात एमए किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेले असतात. नवरा-बायकोचं पटत नाही, अभ्यासाचं दडपण, घरातला मृत्यू, नोकरी गेली, अशा वेळी चांगला समुपदेशक पुरतो. पण या नावाची पाटी लावायला आज फारशी आडकाठी नाही. दोन दिवसांचं शिबिर करून पाटी लावलेले लोकही आहेत. म्हणून शिक्षण विचारायचंच. विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. जो खरा शिकलेला असतो, तो आनंदानं सांगतो.

मग आधी कुणाकडं? माझ्यापुरती मी एक खूण ठरवली होती आणि ती दुसऱ्यांनाही उपयोगी पडली. झोप, भूक, कामावर जाणं यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, समोर कुणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येत असतील, विनाकारण संशय येत असेल, किंवा दारू हाताबाहेर गेली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. रोजचं सगळं चाललंय पण आत घालमेल आहे, तर आधी समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट. सुरुवात चुकीच्या दारातून झाली तरी बिघडत नाही. चांगला माणूस स्वतःहून दुसऱ्याकडं पाठवतो.

३. जायच्या आधी एक पान लिहा

डॉक्टरसमोर बसलं की "बरं वाटत नाही" यापलीकडं तोंडातून शब्द फुटत नाही. मी मुलाच्या वहीतलं एक पान फाडून घेतलं होतं. त्यावर एवढंच होतं:

"रात्री दोनला जाग, परत झोप नाही. पातळी आठ-दहा वेळा बघतो. छाती धडधडते, तळहाताला घाम. तंबाखू दुप्पट. कामावर दोन साचे चुकले. मुलावर हात उगारला, मारलं नाही. हे जूनपासून. वडिलांनाही असंच व्हायचं, पण कुणाला दाखवलं नाही."

डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि मला अर्धा तास कमी बोलावं लागलं. कधीपासून, किती वेळा, त्यामुळं काय अडलं, घरात आधी कुणाला होतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, एवढं आलं की पुरे. मुलावर हात उगारल्याचं वाक्य मी आधी खोडलं होतं आणि मग परत लिहिलं. लाज वाटते तेच लिहा, कारण डॉक्टरला तेच लागतं.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक चाचणी मराठीतही मिळते. मागच्या दोन आठवड्यांत काय काय झालं, ते त्यात विचारतात. गुण शून्य ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञाला दाखवावं असा संकेत आहे. त्यावरून स्वतःच निदान करू नका, पण दर महिन्याला भरून तारीख टाकून ठेवा. आपण सुधारतोय की नाही, हे आपल्या आठवणीपेक्षा तो कागद खरं सांगतो.

४. फुकटच्या वाटा आधी चाला

मी उलटं केलं. आधी पैसे घालवले आणि मग फुकटचं सापडलं.

टेली-मानसचा नंबर फक्त संकटासाठी आहे असं मी धरून चाललो होतो. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू झाली आणि साध्या "झोप येत नाही" यासाठीही तिथं बोलता येतं. भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, आणि गरज वाटली तर पुढं तज्ज्ञाकडं जोडून देतात. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. फोन करताना हातात पेन ठेवा आणि "माझ्या तालुक्यात जवळ कुठं दाखवू?" असं विचारा.

सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, आणि तिथं मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, खिडकीवर केसपेपर काढा, मानसोपचार विभाग कुठं आहे ते विचारा. बाह्यरुग्ण विभागाचे दिवस आणि वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर रजा फुकट जाते. सरकारी दवाखान्यात कुठंही गेलात तरी गर्दी असणार आणि डॉक्टर घाईत असणार हे धरून चाला. म्हणूनच ते वहीतलं पान कामाला येतं. निदान आणि गोळ्या यासाठी ही वाट पक्की आहे. दर आठवड्याला पाऊण तास बसून बोलायचं असेल, तर तसा सायकॉलॉजिस्ट तिथं मिळेल का आणि पुढची तारीख कधीची, हे तोंडानं विचारा. न विचारता कुणी सांगत नाही.

चंदगड, आजरा, गगनबावड्याच्या माणसाला कोल्हापूर म्हणजे अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यासाठीच असतो. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचं पथक कुठल्या दिवशी येतं, हे तिथं विचारा, नाहीतर गावच्या आशाताईंना विचारा. आशाताईंना बहुतेक वेळा माहीत असतं. वर्षानुवर्षं घरात कोंडलेला, खूप बिघडलेला रुग्ण असेल तर आपल्याला सगळ्यात जवळचं सरकारी मनोरुग्णालय रत्नागिरीचं. राज्यात अशी चार आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. पण तिथं जायच्या आधी सीपीआरला दाखवा. बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं.

ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं कार्ड असलेल्यांनी, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनी, आपल्या ईएसआय दवाखान्यात मानसोपचारासाठी पुढं चिठ्ठी मागावी. आमच्या शॉपमधल्या कुणालाच हे माहीत नव्हतं.

कॉलेजच्या पोरांनी आपल्या कॉलेजात समुपदेशन कक्ष आहे का, ते बघावं. घरातल्या मारहाणीसाठी बायकांना १८१, लहान मुलांसाठी १०९८, व्यसनासाठी १४४४६. दारूसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका फुकट असतात आणि तिथं नावही पूर्ण सांगावं लागत नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवाही फोनवर फुकट समुपदेशन देते.

५. खासगीत जायचं तर फोनवरच पैशाचं बोला

आधी घरात बसून हिशोब करा. माझा आकडा महिन्याला १,५०० होता, त्यावर एक रुपया नाही. यात नुसती फी धरू नका. अर्धी रजा, पेट्रोल, गोळ्या, सगळं धरा. मी हे धरलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या महिन्यात उपचार सोडायची पाळी आली होती.

फोनवर काय बोलायचं हे मी कागदावर लिहून घेतलं होतं. तेच इथं देतो, जसंच्या तसं वाचलंत तरी चालेल:

"नमस्कार. मला भेटीची वेळ हवी आहे. त्याआधी थोडं विचारायचं होतं. आपलं शिक्षण आणि नोंदणी काय आहे? एका भेटीची फी किती आणि वेळ किती मिळतो? मला महिन्याला इतकेच पैसे जमतात, त्यात बसेल असं काही करता येईल का? पंधरा दिवसांतून एकदा चालेल का? आपण मराठीत बोलता ना?"

सात ठिकाणी मी हा फोन केला. दोन ठिकाणी फोन उचलणाऱ्यानं फी सांगायलाच नकार दिला, तिथं मी गेलो नाही. एका ताईंनी ८०० सांगितले आणि माझं ऐकून, मंगळवारी दुपारी आलात तर ६०० घेईन म्हणाल्या. दुपारच्या वेळा रिकाम्या असतात, तेव्हा फी कमी होऊ शकते. माझी पाळी बदलती असल्यामुळं ते जमलं. शिकाऊ सायकॉलॉजिस्ट वरिष्ठांच्या देखरेखीखाली कमी पैशात बघतात, तेही विचारा.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट मी ठणकावून सांगतो: पहिल्याच दिवशी दहा भेटींचे पैसे एकरकमी भरू नका. "पॅकेज घेतलं तर दोन भेटी फ्री" अशा बोलण्याला मी भुललो आणि ६,००० रुपये भरले. दुसऱ्याच भेटीत कळलं की हा आपला माणूस नव्हे. पैसे परत मिळाले नाहीत. आणि पैसे गेले म्हणून मी आणखी चार वेळा तिथं जात राहिलो. त्यातलं दुखणं पैशाहून मोठं होतं. मला वाटायला लागलं होतं की समुपदेशन ही गोष्टच फोल आहे.

"एकवीस दिवसांत नैराश्य मुळापासून बंद" असं जाहिरातीत दिसलं तर सोडून द्या. "गोळ्या आजच बंद करा, माझं औषध घ्या" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

ऑनलाईन भेटी शहरापासून लांब राहणाऱ्यांना सोयीच्या पडतात आणि थोड्या स्वस्तही. अडचण जागेची. दोन खोल्यांच्या घरात आई शेजारी बसलेली असताना काय बोलणार? माझा एक मित्र रंकाळ्याच्या काठावर, एका ठरलेल्या बाकावर इअरफोन लावून बसायचा. लोकांना वाटायचं, कामाचा फोन चालू आहे.

विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. २०१७ च्या त्याच कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला कंपन्यांना बांधून टाकलंय. पण ते मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येतं. दर आठवड्याच्या भेटीचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत.

६. पहिल्या भेटीत काय होतं

बरेच प्रश्न विचारतात. बालपण, लग्न, कर्ज, झोप, व्यसन, जीव द्यायचे विचार. यातलं काही मुद्दाम तुम्हाला लागावं म्हणून नसतं, सगळ्यांनाच विचारतात. तंबाखू आणि दारूचा आकडा खरा सांगा, त्यावर गोळी ठरते. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा रक्ताच्या तपासण्या करायला सांगितल्या तर टाळू नका. थायरॉईड बिघडलं तरी उदास वाटतं, छाती धडधडते.

"हे कुणाला कळेल का?" हे पहिल्याच भेटीत विचारा. कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असेल, अशा मोजक्या वेळी अपवाद असतो. तुमचे कागद मागायचा हक्कही तुम्हाला आहे.

पहिल्या भेटीनंतर हलकं वाटेलच असं नाही. मी घरी येऊन दोन दिवस जास्त अस्वस्थ होतो. दाबून ठेवलेलं वर आलं की असं होतं.

७. आपला माणूस कसा ओळखायचा

हा लेख खरं तर मी एवढ्यासाठीच लिहितोय.

पॅकेजवाले गृहस्थ माझं ऐकून म्हणाले होते, "लोकांची अख्खी घरं वाहून गेली, तुमचं तर उभं आहे. त्यांच्याकडं बघा." मग पाऊण तासातली वीस मिनिटं स्वतःच्या आयुष्यातल्या संकटांबद्दल बोलले. मी मान डोलावत बसलो आणि घरी येऊन परत रात्री दोनला पातळी बघितली.

मंगळवारच्या ताईंसमोर मी तेच सांगितलं. काय होतं ते सांगताना माझ्या तोंडातून "काळजात कालवतंय" असं आलं. त्यांनी विचारलं, "कालवतंय म्हणजे कुठं, दाखवा." मी छातीच्या खाली हात ठेवला. त्यांनी विचारलं, "पातळी बघितली की ते थांबतं का?" मी म्हणालो, थांबतं. "किती वेळ?" मी विचार केला. दहा मिनिटं, फार तर पंधरा. "मग परत बघता." हो. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे बघणं हे औषध नाही, बघण्यानंच भूक वाढतीय." मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. रात्री मोबाईल बायकोच्या उशाला. जाग आली तर उठून बसायचं, कालवतंय ते किती आहे त्याला दहापैकी गुण द्यायचे, वहीत लिहायचे आणि ते उतरेपर्यंत थांबायचं. पहिल्या रात्री नऊ लिहिले. उतरायला पन्नास मिनिटं लागली. अकराव्या रात्री चार लिहिले आणि मला लिहिता लिहिता झोप लागली.

तर ओळख अशी. तो तुमच्या भाषेत ऐकतो. तुमचं दुःख दुसऱ्याच्या दुःखाशी तोलत नाही. काय करतोय आणि कशासाठी, हे विचारलं तर सांगतो. दोन भेटींच्या मध्ये करायला काहीतरी देतो. जात, धर्म, लग्न, मूल, यावरून शिकवत नाही. आणि साधारण तीन भेटींत तुम्हाला त्याच्यासमोर लाजिरवाणी गोष्ट बोलावीशी वाटायला लागते. ही शेवटची खूण सगळ्यात खरी.

तीन भेटींनंतरही आत काहीच हललं नाही, तर आधी त्यांनाच सांगा: "मला उपयोग होत नाही असं वाटतंय." चांगला समुपदेशक यावर पद्धत बदलतो किंवा दुसरं नाव देतो. रागावला, तर तुम्हाला उत्तर मिळालं. आपण कोल्हापूरची माणसं तोंडावर बोलणारी म्हणवतो, पण डॉक्टरसमोर बसलं की आपली जीभ जड होते. माणूस बदलणं म्हणजे उपकार विसरणं नव्हे. चप्पल लागली तर आपण दुसरी घेतो, चालायचं सोडत नाही.

स्पर्श, अश्लील बोलणं, क्लिनिकबाहेर एकट्यानं भेटायचा आग्रह, उसने पैसे मागणं, यातलं एकदा जरी झालं तरी परत जाऊ नका, आणि घरी सांगा.

८. गोळ्यांबद्दल

मला सहा महिने गोळ्या होत्या. नैराश्य आणि चिंतेच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड असं होऊ शकतं. लोक नेमके तेव्हाच सोडतात. सोडू नका, डॉक्टरला फोन करा. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करणंही तितकंच वाईट, त्या हळूहळू कमी करायच्या असतात.

या गोळ्यांची सवय लागते असं सर्रास बोललं जातं. सवय लागायचा धोका असतो तो झोपेच्या आणि झटपट शांत करणाऱ्या काही गोळ्यांचा. त्या डॉक्टरनं सांगितलेल्या दिवसांपुरत्याच घ्या, आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय कधीच नाही. आपल्याला दिलेली गोळी यातली कुठली, हे डॉक्टरला विचारा. खर्च कमी करायचा तर औषधाचं मूळ नाव, म्हणजे कंपनीचं नव्हे तर आतल्या औषधाचं, लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात बघा. माझा महिन्याचा खर्च तिथं निम्म्याहून कमी झाला.

९. घर आणि गल्ली

पेठेत काही लपत नाही. दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी ओळखीचं भेटणारच. मला तालमीतला एक जण भेटला. आम्ही दोघांनीही आधी मान खाली घातली. मग तोच म्हणाला, "भावा, मी दोन वर्षं येतोय." आम्ही अजूनही कधीतरी चहाला बसतो.

सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण एका माणसाला सांगा. मी बायकोला सांगितलं. आईला मात्र "बाहेरचं झालंय" असं वाटत होतं, तिनं अंगारा आणला. मी तो कपाळाला लावला आणि गोळीही घेतली. आईच्या श्रद्धेशी भांडण्यात ताकद घालवू नका. पण कुणी रुग्णाला मारायला, चटके द्यायला, साखळीनं बांधायला सांगत असेल, तर ते जादूटोणाविरोधी कायदा २०१३ खाली गुन्ह्यात येतं. तिथं मऊ राहू नका.

१०. पिशवीत काय न्यायचं

आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स, ईएसआय कार्ड असेल तर ते, विम्याची पॉलिसी. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट, ईसीजीसुद्धा. चालू गोळ्यांची पाकिटं, कारण नावं आठवत नाहीत. ते वहीतलं पान. पेन. पाण्याची बाटली. घरातलं एक माणूस, निदान पहिल्या वेळी. ते बाहेर बसलं तरी चालतं. सगळे कागद एकाच फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा. माणूस बदलायची वेळ आली तर पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही.

११. आपला अवघड महिना आधीच ठरवून ठेवा

नियमित भेटी बंद करायच्या तर एकदम नाही. दर पंधरा दिवसांचं महिन्यावर, मग तीन महिन्यांवर आणा. आणि प्रत्येकाचा एक अवघड काळ असतो. कुणाचा वर्षश्राद्धाचा आठवडा, कुणाचा परीक्षेचा, ऊस गेल्यावर बिल अडकलं की कुणाचा तो. त्या काळातली एक भेट आधीच नोंदवून ठेवा, बरं वाटत असलं तरी.

माझा महिना जुलै. मे संपता संपता मी ताईंना फोन करून जुलैच्या पहिल्या मंगळवारची वेळ घेतो. परवाच घेतली. ६०० रुपये वेगळ्या पाकिटात घालून ठेवलेत, वहीही तीच आहे.